चार वाद्यं, आजची रचना: एकदा ऐका तरी

‘मोझार्टच कळत नाही, तर हे नवं काय डोंबल कळणार?’ असं म्हणून नव्या क्वार्टेटच्या कार्यक्रमाचं आमंत्रण बाजूला टाकू नका. कळायला हवं ही अट तुम्हाला घातली कोणी?

१९७३ साली सिअॅटलमधल्या डेव्हिड हॅरिंग्टन या तरुण व्हायोलिनवादकानं रेडिओवर जॉर्ज क्रम्ब यांची ‘ब्लॅक एंजल्स’ ऐकली. व्हिएतनाम युद्धाच्या काळातली ती रचना. वादक त्यात ओरडतात, पाण्याच्या पेल्यांवर गज फिरवतात. हे वाजवायचंच, म्हणून त्यानं क्रोनोस क्वार्टेट उभं केलं. दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो. या चौघांसाठी आजवर हजाराहून अधिक नव्या रचना आणि संयोजनं झाली. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांचा २००५ चा अल्बम त्यांनी केला तो आपल्या आशाताईंबरोबर. तेव्हा हे अगदीच परकं घर नाही.

सुरुवात स्टीव्ह राइश यांच्या ‘डिफरंट ट्रेन्स’पासून करा. लहानपणी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ते न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस रेल्वेनं ये-जा करत. आपण ज्यू; तेव्हा युरोपात असतो तर वेगळ्याच गाड्यांत कोंबले गेलो असतो, हा विचार पुढे त्यांना सोडेना. लहानपणी सांभाळणाऱ्या बाईचा, रेल्वेच्या पोर्टरचा, छळछावण्यांतून वाचलेल्यांचा आवाज त्यांनी ध्वनिमुद्रणातून घेतला आणि बोलण्याच्या चढउतारातूनच सूर काढले: बाईच्या आवाजाला व्हायोला, पुरुषाच्या आवाजाला चेलो. गवयाच्या मागोमाग हार्मोनियम कशी जाते, ते ऐकून तयार झालेल्या कानाला हे पटकन सापडतं. राग, सम शोधत बसू नका. साधारण २७ मिनिटं लागतील. तेवढा वेळ भाजी निवडणंही नको.

गोव्यात, मुंबईत व्हायोलिन-चेलो शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनो, क्रोनोसनं २०१५ मध्ये ‘फिफ्टी फॉर द फ्यूचर’ हा उपक्रम सुरू केला. तरुण क्वार्टेटसाठी मुद्दाम लिहून घेतलेल्या ५० रचनांचं नोटेशन इंटरनेटवर फुकट मिळतं. त्यात झाकीर हुसेन यांची ‘पल्लवी’ही आहे. परीक्षेच्या तुकड्यांपलीकडे मुलांना हे वाजवू द्या.

आणि अशी चार पोरं जमलीच, तर वाचनालयाच्या, शाळेच्या चालकांनी त्यांना एक संध्याकाळ द्यावी. मोठं सभागृह नको, पन्नास खुर्च्या पुरेत. वाजवण्याआधी त्यांना दोन मिनिटं बोलू द्या. पंखे मात्र बंद ठेवा; चेलोचा हलका सूर त्या घरघरीत बुडतो, शिवाय नोटेशनचे कागद उडतात.