नाव जुळलं, तरी केक बसला!

‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ हा कार्यक्रम अमेरिकेत ‘द ग्रेट ब्रिटिश बेकिंग शो’ या नावाने दाखवतात. ‘बेक-ऑफ’ या शब्दाचा ट्रेडमार्क तिकडे आधीच एका कंपनीकडे होता. नाव बदललं, तरी कार्यक्रम तोच राहिला. सामानाचं मात्र तसं होत नाही. ब्रिटिश रेसिपी घेऊन अमेरिकेतल्या दुकानात शिरलात, की हे लगेच कळतं.

काही नावं सरळ बदलतात. प्लेन फ्लोअर म्हणजे ऑल-पर्पज फ्लोअर, बायकार्बोनेट ऑफ सोडा म्हणजे बेकिंग सोडा. इथपर्यंत नेटवरचा तक्ता पुरतो. पुढे तो दगा देतो.

कॉर्नफ्लोअरचंच बघा. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडेही ते म्हणजे मंचुरियनला लागणारा पांढरा स्टार्च. अमेरिकेत त्याला कॉर्नस्टार्च म्हणतात. तिथे कॉर्न फ्लोअर मागाल, तर चक्क मक्याचं पीठ मिळेल!

कास्टर शुगरचं काम वेगळं. तिचे बारीक दाणे फेटताना लोण्यात हवा भरतात आणि त्यामुळे केक हलका होतो. अमेरिकेत सुपरफाइन शुगर घ्या. नाही मिळाली, तर साधी साखर मिक्सरमधून दोन-तीन सेकंद फिरवा. पण तिच्या जागी पावडर्ड शुगर नको. तिच्यात दाणाच नसतो, शिवाय स्टार्च मिसळलेला असतो.

सेल्फ-रायझिंग फ्लोअर दोन्हीकडे मिळतं. पण अमेरिकेतल्या पिठात मीठही असतं. त्यापेक्षा १५० ग्रॅम ऑल-पर्पज फ्लोअरमध्ये दोन छोटे चमचे बेकिंग पावडर मिसळा. डबल क्रीममध्ये साधारण ४८ टक्के फॅट असतं, अमेरिकेतल्या हेवी क्रीममध्ये ३६ टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे ते तितकं घट्ट होणार नाही, हे आधीच धरून चाला. अंडीसुद्धा सारखी नाहीत. अमेरिकेतलं ‘लार्ज’ अंडं ब्रिटनच्या ‘मीडियम’एवढं भरतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की ‘याला तिकडे काय म्हणतात?’ यावर थांबू नका. ‘हे या रेसिपीत काय काम करतं?’ हेही विचारा. ‘एवढा विचार कोण करणार, रेडीमेड मिक्स आणू,’ असं म्हणाल. जरूर आणा, पण मग पाकिटावर लिहिलंय तेवढंच करता येईल. काम कळलं, तर गोल्डन सिरप नसताना काय घालायचं, हे तुम्हीच ठरवाल. गोडवा आणि चिकटपणा कॉर्न सिरप देईल, ती कॅरमलसारखी चव मात्र देणार नाही.

आणि एक छोटा वजनकाटा घ्याच. पीठ कपात कसं भरता, त्यावर एका कपात १२० ग्रॅमही बसतं आणि १५० ग्रॅमही. हॉस्टेलच्या बजेटमध्ये लोणी महाग असतं. ते अंदाजावर का घालवायचं? नावं देशागणिक बदलतील, ग्रॅम कुठेही गेलात तरी ग्रॅमच राहतो.