गावाला वळसा घाला!

डॉक्टरांचा सर्वांत जास्त वेळा दिला जाणारा आणि सर्वांत कमी पाळला जाणारा सल्ला कोणता, असे कोणी विचारले तर मी लगेच सांगेन, 'रोज चालत जा' हा. गोळ्या रुग्ण वेळेवर घेतो, इंजेक्शन तर मागून घेतो. चालणे मात्र 'उद्यापासून'. कारणेही ठरलेली असतात. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात ऊन, थंडीत गारठा, सोबतीला कोणी नाही, कुत्री अंगावर येतात. आणि सगळ्यांत शेवटी खरे कारण बाहेर पडते, 'डॉक्टरसाहेब, नुसतेच चालायचा कंटाळा येतो हो!'

हे शेवटचे कारण मला मनापासून पटते. आपले पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या चालले ते पाण्यासाठी, शेतासाठी, आठवड्याच्या बाजारासाठी, वारीसाठी. काही कारण नसताना वडाच्या झाडापर्यंत जाऊन परत येणे माणसाच्या स्वभावातच नाही. आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालणाऱ्या सत्तर वर्षांच्या आजीबाईंना पावले मोजावी लागत नाहीत. त्यांना पोचायचे असते. तेव्हा 'चाला, चाला' असा धोशा लावण्यापेक्षा चालायला एखादे कारण द्यावे, असे माझे मत झाले आहे. असे एक कारण म्हणजे खजिन्याचा शोध.

पाश्चात्त्य देशांत या शोधाचा एक खेळ चांगलाच रुजला आहे. त्याला 'जिओकॅशिंग' म्हणतात. उपग्रहांवरून आपली जागा सांगणाऱ्या जीपीएस यंत्रणेच्या नागरी संकेतात अमेरिकेने मुद्दाम ठेवलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकली आणि साध्या यंत्रालाही जागा काही मीटरपर्यंत अचूक कळू लागली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर या गृहस्थांनी ऑरेगॉन राज्यात एक डबा लपवला आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. ज्यांना तो सापडेल त्यांनी वहीत नाव लिहायचे, एखादी वस्तू घ्यायची आणि त्या बदल्यात दुसरी ठेवायची. आज असे तीस लाखांहून अधिक डबे जगभर आहेत. कल्पना तशी जुनीच. इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळरानावर जेम्स पेरट या वाटाड्याने १८५४ साली क्रॅनमिअर पूल या आडबाजूच्या ठिकाणी एक बाटली ठेवली होती. जो तिथवर पायी पोचेल, त्याने आपले कार्ड तीत टाकावे! बाटलीत मोलाचे काहीच नव्हते. तरी लोक जात राहिले. त्या बाटलीने लोकांना चालवले, हाच तिचा गुण.

आता आपल्या जिल्ह्यातील लिंब गाव पाहा. महामार्गाने जाणाऱ्या हजारो गाड्या या गावाजवळून रोज सुसाट निघून जातात. येथील बारा मोटेची विहीर वीरूबाई भोसले यांनी छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत बांधून घेतली. खोली सुमारे ११० फूट, रुंदी सुमारे ५० फूट. वरून पाहिले तर आकार शिवलिंगासारखा. प्रवेशाजवळ शिलालेख, आत महाल, भिंतींवर कोरलेली प्राण्यांची शिल्पे. पुढे कृष्णाकाठी कोटेश्वराचे मंदिर. आपण सारे ऐकून असतो, पण पाहिले किती जणांनी? काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे आपण हिणवून म्हणतो. वैद्यकीय दृष्टीने पाहिले तर त्या वळशातच सारा फायदा आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चार-पाच कुटुंबे मिळून येथे असा शोध खेळलो. डबा कोठेच लपवला नाही. चिठ्ठीवर कोडे, आणि कोड्याचे उत्तर म्हणजे पुढची जागा. कोडी आमच्यातल्या आजोबांनी घातली. 'बैल दिवसभर चालले, पण बांध ओलांडला नाही. ती वाट शोधा.' मुलांनी बरीच डोकी खाजवली. मग आजोबांनी समजावले की मोट ओढताना बैल ज्या उतारावर खालीवर करीत तिला धाव म्हणतात आणि मोटेचे पाणी पडते ते थारोळे. नाडा म्हणजे काय, मोटेची सोंड कशी असते, हे सांगताना आजोबा स्वतःच भराभर पुढे चालू लागले. दवाखान्यात अर्धा तास चालण्याचे नाव काढताच ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, ते त्या दिवशी थांबत, बोलत, दोन तास पायांवर होते. गुडघेदुखीच्या एक आजी पायऱ्या न उतरता वरच सावलीत बसल्या. चिठ्ठ्या तपासण्याचे काम त्यांच्याकडे होते आणि त्यांच्या सहीशिवाय कोणालाही पुढे जाता येत नव्हते! घरात ज्यांना कोणी काही विचारीत नाही, त्यांच्याभोवती मुलांचा गराडा पडला होता. एकटेपणावर आमच्या कपाटात औषध नाही, हे येथे मुद्दाम नमूद करतो.

त्या धावेवर उभे राहिल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. मोटा गेल्या, विजेचे पंप आले. कष्ट वाचले, हे उत्तमच झाले. पण शेतावर मोटारसायकल, दळण कांडप यंत्रावर, पाणी नळाला, असे एकेक होत शरीराचे काम कधी संपले ते आपल्याला कळलेच नाही. 'खेड्यात कसला डायबेटिस?' असे अजूनही म्हटले जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. शहरी भागातील प्रमाण १६.४ टक्के, तर ग्रामीण भागातील ८.९ टक्के. म्हणजे खेड्यातील जवळजवळ दर अकरा प्रौढांत एक!

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढांना आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल हवी. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तो मध्यम श्रम समजावा. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटे हवीत. शिवाय मुले दिवसाच्या उजेडात अधिक वेळ बाहेर राहिली तर लांबचे कमी दिसण्याचा दोष जडण्याची शक्यता कमी होते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. महिन्यातून एकदा खजिना शोधून हा हिशेब पुरा होणार नाही, हे उघड आहे. पण 'पुढच्या वेळची कोडी कोणती घालायची?' म्हणून माणूस रोज संध्याकाळी गावातून फेरी मारू लागतो. मला हवी आहे ती ही रोजची फेरी.

'म्हणजे पुन्हा मोबाईलच ना?' असा प्रश्न काही पालक विचारतील. मोबाईल लागतोच असे नाही. गावच्या नकाशाचा एक कागद आणि दहा चिठ्ठ्या पुरतात. मोठ्या मुलांना अक्षांश-रेखांश शिकवायचे असतील तर गटात एकच मोबाईल ठेवावा, तोही मोठ्यांच्या खिशात.

माझा विरोध आहे तो परदेशी पद्धत जशीच्या तशी उचलण्याला. जुन्या दगडी भिंतींच्या फटींत डबे लपवणे आपल्याकडे मुळीच नको. त्या फटी विंचवांच्या आणि सापांच्या हक्काच्या आहेत. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असंख्य प्राण वाचवले, हे खरे. पण औषध आहे म्हणून कोणी बिळात हात घालीत नाही. दुसरे असे, की आपल्याकडे 'खजिना' म्हटले की काहींना गुप्तधन आठवते आणि मग मध्यरात्री कुदळी निघतात. मंदिरे, वीरगळ उकरले जातात. जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि धनाच्या शोधासाठी अघोरी प्रकार करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा आपल्या खेळाचा पहिला नियम असा : उकरायचे नाही, हलवायचे नाही, खरडायचे नाही. फक्त पाहायचे, मोजायचे आणि लिहून आणायचे.

बाकीची पथ्ये थोडक्यात सांगतो. ग्रामपंचायतीला आधी कळवावे. सकाळी लवकर निघून ऊन तापण्यापूर्वी परतावे. पायांत बंद बूट आणि सोबत पाणी असावे. विहिरीच्या काठावर आणि नदीच्या घाटावर प्रत्येक लहान मुलाचा हात कोणीतरी धरलेला असावा. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्या टाळाव्यात. मोहोळ दिसल्यास आरडाओरडा न करता तेथून बाजूला व्हावे. मधुमेहाच्या रुग्णांनी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी निघू नये, खिशात साखर ठेवावी आणि घरी आल्यावर तळपाय तपासावेत. पायऱ्या चढताना छातीत दुखले, दडपले किंवा दरदरून घाम फुटला तर तेथेच बसावे आणि १०८ ला फोन लावावा. सर्पदंश झाल्यास करकचून बांधू नये, चिरा देऊ नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. अवयव स्थिर ठेवून थेट सरकारी रुग्णालय गाठावे.

आपल्याकडे आरोग्य शिबिरे पुष्कळ होतात. रक्तदाब मोजला जातो, साखर तपासली जाते, भाषण होते, चहा होतो आणि मंडळी मोटारसायकलवरून घरी जातात. शिबिरे जरूर व्हावीत. पण शाळा, तरुण मंडळे आणि ग्रामपंचायती यांनी मिळून महिन्याच्या एका रविवारी गावातच असा शोध ठेवला, तर त्याला मंडपही लागणार नाही आणि पाहुणाही. लिंबच पाहिजे असे नाही. आपल्या गावातही एखादी बारव, वेशीचा बुरूज, वीरगळ, जुना वाडा असेलच. त्यांच्या गोष्टी ज्यांना ठाऊक आहेत ती माणसे आज सत्तरी-पंचाहत्तरीच्या घरात आहेत. चिठ्ठ्या लिहायला त्यांनाच बसवा, आणि ते काम या हिवाळ्यातच करा.