तायको म्हणजे नुसता ढोल नव्हे

जपानी तायको म्हटलं की डोळ्यांपुढे उभा राहतो तो प्रचंड ढोल आणि घामाने निथळणारा वादक. बासरी, झांजा आणि हातात धरायची धातूची थाळी यांची बोळवण ‘साथीची वाद्यं’ म्हणून होते. जुन्या वादनपरंपरांवर हा अन्याय आहे. टोकियोच्या सणांतलं एदो-बायाशी घ्या. पाच वादक : दोन लहान, दोऱ्यांनी ताणलेले ढोल, एक मोठा ढोल, एक आडवी बांबूची बासरी आणि आतारिगाने ही थाळी. सगळ्या ताफ्यात सुरावट आहे ती एकट्या बासरीकडे. थाळी डाव्या हातात धरून तिच्या खोलगट बाजूवर शिंगाच्या टोकाची काठी मारतात. मध्यभागी ‘चान’, आतल्या काठांवर ‘चि-कि’ आणि बोटं टेकवली की नाद जागच्या जागी तुटतो. मोठ्या ढोलाचा आवाज घुमतो, एक ठोका दुसऱ्यात मिसळतो. थाळीचा नाद मात्र बारीक आणि टोकदार, म्हणून गजबजाटातही लय कानाला सापडते.

नोह नाटकातली नोकान बासरी तर साथीच्या कल्पनेतच बसत नाही. तिच्या पोकळीत मुद्दाम एक बारीक नळी बसवतात, त्यामुळे वरचं सप्तक नेमकं जुळत नाही. गायकाच्या सुराशी जुळवून घेण्याचं बंधनही ती पाळत नाही. जी मुख्य गायनापुढे नमत नाही, तिला दुय्यम कसं म्हणायचं?

यावर कोणी म्हणेल, क्योतोच्या गिऑन उत्सवात वादनाची सूत्रं ढोलवाल्याकडेच असतात. खरं आहे. पण त्याच उत्सवाचं वादन क्योतोकर ‘कोन-चिकि-चिन’ म्हणून ओळखतात आणि तो आवाज थाळीचा आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : रंगमंचावरचं समूहवादन ही वेगळीच कला आहे. जॅझ ड्रमवादक दाइहाची ओगुची यांनी १९५१च्या सुमारास ती घडवली आणि तिथे ढोलच नायक आहेत. ओगुचींचं श्रेय मोठंच आहे. तरी १९८१मध्ये बर्लिनला पहिला प्रयोग केलेला ‘कोदो’ हा जगप्रसिद्ध संचही बासरी आणि थाळी सोडत नाही, कारण तासभर नुसते ठोके ऐकून कान बधिर होतो. म्हणून तायकोचे प्रयोग भरवणाऱ्यांनी बासरीसाठी चांगला माइक लावावा, पत्रकात तिच्या वादकाचं नाव ढोलवादकांच्या बरोबरीने छापावं आणि तायको शिकवणाऱ्यांनी पहिल्या महिन्यातच विद्यार्थ्याच्या हाती थाळी द्यावी.