पोटगीचा हुकूम झाला; वसुली कोण करणार?

घटस्फोटाचा निकाल लागला, न्यायालयाने दरमहा पोटगी ठरवून दिली, म्हणजे बाईचा प्रश्न सुटला, असे आपल्याकडे सर्रास समजले जाते. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. खरी लढाई हुकूम झाल्यावरच सुरू होते. दोन-तीन महिने पैसे येतात, मग एक महिना चुकतो, मग सहा महिने चुकतात. विचारायला गेले की 'काय करायचे ते कर' हे उत्तर ठरलेले! हुकुमाची नक्कल ट्रंकेत पडून राहते आणि बाई लोकांची धुणीभांडी करून मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागवते. न्यायालयाचा शिक्का मारलेला कागद भाकरी देत नाही. त्या कागदाचे पैसे कसे वसूल करायचे हे बाईला कुणी सांगत नाही आणि ज्यांनी वसुली करायची ती यंत्रणा ढिम्म हलत नाही. या दोन्ही गोष्टींवर बोलणे भाग आहे.

पहिली गोष्ट अशी की पोटगी ही दया नाही आणि भीकही नाही. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात घटस्फोटाचा आणि पोटगीचा हक्क आणला. ते बिल अडवले गेले म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा फेकला. फौजदारी कायद्यातील पोटगीच्या कलमामागे संविधानातील कलम १५(३) आणि ३९ यांचे बळ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच सांगितले. असे असूनही त्या कलमाखालच्या पोटगीला दरमहा ५०० रुपयांची मर्यादा होती आणि ती हटवायला २००१ साल उजाडावे लागले. बाईच्या भाकरीबाबत ही व्यवस्था किती सावकाश चालते, याचा हा पुरावाच आहे.

आता थकलेली पोटगी वसूल करण्याचे मार्ग पाहू. आपल्या हातातला हुकूम कोणत्या कायद्याखाली झाला आहे, हे बाईने सर्वांत आधी पाहावे. कारण मार्ग त्यावर ठरतो.

फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ अनेकांना तोंडपाठ आहे. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले आहे. आकडा बदलला, हक्क तोच राहिला. घटस्फोटित पण पुनर्विवाह न केलेली स्त्री या कलमात 'पत्नी'च आहे. परस्पर संमतीने घटस्फोट झाला म्हणून हा हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केले. मुस्लिम घटस्फोटितेलाही हा मार्ग खुला आहे, हे त्याच न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी पुन्हा एकदा बजावले. या कलमाखालचा हुकूम मोडला की न्यायदंडाधिकाऱ्यांकडे किंवा कौटुंबिक न्यायालयात वसुलीचा अर्ज करता येतो. दंड वसूल करतात तसे वॉरंट निघते. जंगम मालमत्ता जप्त होते किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होते. तरीही पैसे भरले नाहीत तर कैद होते. नवरा दुसऱ्या जिल्ह्यात पळाला तरी फरक पडत नाही. तो जिथे असेल तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडून अंमलबजावणी करून घेता येते. त्यासाठी हुकुमाची नक्कल विनामूल्य मिळते.

मात्र इथे एक खाच आहे आणि शेकडो रुपये भाडे खर्चून तालुक्याला जाणारी आपली बाई नेमकी तिथेच अडकते. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वॉरंटसाठी अर्ज करावा लागतो. समजा, महिना ३,००० रुपये पोटगी ठरली आणि नवऱ्याने १८ महिने दमडी दिली नाही. थकबाकी झाली ५४,००० रुपये. बाई 'आज देईल, उद्या देईल' म्हणत थांबली आणि १८ महिन्यांनी अर्ज केला, तर वॉरंट निघेल ते साधारण शेवटच्या १२ महिन्यांचे, म्हणजे ३६,००० रुपयांचे. उरलेल्या १८,००० रुपयांवरचा हक्क मरत नाही, पण हा जलद मार्ग त्या रकमेपुरता बंद होतो. म्हणून थांबू नका! एकदा मुदतीत अर्ज दाखल झाला की तो चालू असताना पुढे थकत जाणारी रक्कम त्याच अर्जात मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ठरवले आहे.

काही नवरे 'जेलमध्ये जाऊन येईन, पण पैसे देणार नाही' अशी मिजास दाखवतात. त्यांनीही कायदा समजून घ्यावा. कैद हे वसुलीचे साधन आहे, थकबाकीची पावती नाही. तुरुंगातून बाहेर आल्यावरही ती रक्कम देणे लागतेच.

दुसरा मार्ग दिवाणी हुकूमनाम्याचा. घटस्फोटाच्या निकालातच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कायमची पोटगी ठरलेली असते. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या नावाबद्दलचा आपला आक्षेप आपल्या जागी. या हुकूमनाम्याची अंमलबजावणी दरखास्त दाखल करून होते. बँकेचे खाते, वाहन, जमीन, घर यांवर जप्ती आणता येते. न्यायालय पोटगीचा बोजा स्थावर मालमत्तेवरही ठेवू शकते. तो बोजा सातबाऱ्यावर चढवून घ्यावा, म्हणजे जमीन गुपचूप भावाच्या नावे करण्याचा डाव फसतो. नवरा नोकरदार असेल तर पगार जप्त होतो. इतर कर्जांसाठी पगाराचा मोठा हिस्सा कायद्याने सुरक्षित ठेवला आहे. पोटगीसाठी मात्र फक्त एक तृतीयांश पगार सुरक्षित राहतो आणि दोन तृतीयांशांपर्यंत हात घालता येतो. या मार्गाला एका वर्षाची अट नाही, प्रत्येक थकलेल्या हप्त्यासाठी १२ वर्षांची मुदत आहे.

तिसरा मार्ग २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचा. त्याखाली मिळालेली रक्कम थकली तर कलम २०(६) प्रमाणे न्यायदंडाधिकारी थेट मालकाला किंवा कंपनीला आदेश देऊ शकतात की पगारातून पैसे कापून बाईला द्या किंवा न्यायालयात भरा. संसार चालू असताना झालेल्या हिंसेची जबाबदारी घटस्फोटाने पुसली जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आहे.

'नोकरी गेली, कुठून देऊ?' ही सबब ठरलेली आहे. परिस्थिती खरोखर बदलली असेल तर रक्कम कमी करून मागण्याचा अर्ज न्यायालयात करता येतो. मनाला येईल तेव्हा पैसे बंद करता येत नाहीत. धडधाकट पुरुषाने अंगमेहनत करून का होईना, बायका-मुलांना पोसलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सुनावले. त्याआधी ४ नोव्हेंबर २०२० च्या 'रजनेश विरुद्ध नेहा' या निकालाने पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना मिळकत आणि देण्याचे शपथपत्र सक्तीचे केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे ठरवले. हे शपथपत्र जपून ठेवा. वसुलीच्या वेळी कुठे जप्ती आणायची, हे त्यातूनच कळते. संमतीच्या घटस्फोटात एकरकमी पैसे ठरले असतील तर ते हाती येईपर्यंत किंवा न्यायालयात जमा होईपर्यंत शेवटची सही करू नये.

एवढे कायदे असूनही बाई रिकाम्या हाताने का परतते? कारण वसुलीचा सगळा भार कायद्याने तिच्याच डोक्यावर ठेवला आहे. थकबाकी झाली की तिने अर्ज करायचा, तिने पत्ता शोधायचा, तिने मजुरी बुडवून तारखांना जायचे. वॉरंट पोलीस ठाण्यात जाते आणि 'इसम मिळून आला नाही' असा शेरा घेऊन परत येते. तोच इसम संध्याकाळी चौकात चहा पीत बसलेला असतो! सरकारला शेतसारा वसूल करता येतो, बँकेला ट्रॅक्टर ओढून नेता येतो, मग बाईची पोटगीच तेवढी का वसूल होत नाही? ज्याच्यासाठी यंत्रणा हलते तो माणूस तिच्या लेखी महत्त्वाचा, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. नोकरदाराच्या बाबतीत पोटगीचा हुकूम देतानाच पगारातून कपातीचा आदेश निघाला पाहिजे. पोटगीचे वॉरंट न बजावता परत पाठवणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याकडून लेखी खुलासा घेतला पाहिजे. आणि बिगारी, रिक्षावाला, हंगामी मजूर अशा ज्यांना पगारपत्रकच नाही, त्यांच्या बायका-मुलांसाठी राज्याने निधी उभारून आधी पैसे द्यावेत व मग नवऱ्याकडून वसूल करावेत. हे स्वप्नरंजन नाही. जर्मनीत एकट्या पालकाजवळ राहणाऱ्या मुलांसाठी १९८० पासून अशीच व्यवस्था आहे.

सरकार हलेल तेव्हा हलेल. तोवर आपण काय करणार? विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीत अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. वस्तीतल्या शिकलेल्या मुला-मुलींनी आणि महिला मंडळांनी अशा बायकांची यादी करावी, कोणाची वर्षाची मुदत कधी संपते ते लिहून ठेवावे आणि तारखेला त्यांच्यासोबत उभे राहावे. जयंतीच्या मिरवणुकीत निळा झेंडा घेऊन पुढे नाचणारा, पण स्वतःच्या लेकरांची पोटगी बुडवणारा माणूस आपल्यात असेल तर त्याला समाजाच्या बैठकीत उभा करून जाब विचारावा. बाबासाहेबांनी ज्या हक्कासाठी मंत्रिपद सोडले, तो हक्क बुडवणाऱ्याला त्यांचे नाव घेण्याचा अधिकार नाही.