प्रेमकथेतले कुत्रे शोभेपुरते नको

इंग्रजीत ‘स्वीट रोमान्स’ नावाचा एक भरभक्कम बाजार आहे. शय्यागृहाचे दार बंद, शेवट आधीच ठरलेला आणि गोड, आणि मधल्या पानांत दोन भल्या माणसांनी एकमेकांना ओळखायचे, एवढीच त्याची बोली. या बाजारात बेवारस कुत्र्यामांजरांनी स्वतःची जागा पटकावली आहे. हॉलमार्क वाहिनीवर 2014 मध्ये आलेल्या ‘द नाइन लाइव्ज ऑफ ख्रिसमस’ या चित्रपटात अग्निशमन दलातला एक जवान भटक्या मांजराला घरात घेतो आणि पशुवैद्यक होऊ पाहणाऱ्या तरुणीच्या प्रेमात पडतो. मराठीत प्राणी आहेत आणि प्रेमकथाही आहेत. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मध्ये तर वानरांच्या टोळ्यांनीच कादंबरी पेलली. पण जखमी जनावर आणि जुळू पाहणारी मने सहसा एका कथेत भेटत नाहीत. ती भेटायला हवीत. अट एकच: प्राणी वाचवण्याचे काम कथेत सजावट म्हणून येऊ नये, पात्रांची कसोटी म्हणून यावे, आणि ते जसे प्रत्यक्षात चालते तसेच यावे.

कसोटीचा आग्रह या प्रकाराच्या घडणीतूनच येतो. दोघे शेवटी एकत्र येणार हे वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असते. मग उत्सुकता उरते ती ही दोघे एकमेकांच्या लायकीची आहेत का, याची. माणसे एकमेकांसमोर चांगली वागतात, कारण त्यात मतलब असू शकतो. गाडीखाली सापडलेले पिल्लू उलट काही देऊ शकत नाही, आभार मानत नाही, चावण्याची शक्यता मात्र असते. त्याच्यापाशी माणूस कसा वागतो ते पाहिले की त्याच्या स्वभावाबद्दल लेखकाला वेगळे काही सांगावे लागत नाही. यॉर्कशायरचे पशुवैद्यक आल्फ वाइट यांना हे नेमके कळले होते. जेम्स हेरिएट या नावाने त्यांनी 1970 पासून लिहिलेल्या पुस्तकांत नायकाची त्याच्या भावी पत्नीशी, हेलनशी, पहिली भेट होते ती एका वासराचा मोडलेला पाय बांधताना. त्या प्रसंगात प्रेमाचा शब्द नाही. प्लास्टर आहे, धडपडणारे वासरू आहे आणि ते धरून ठेवणारी निर्धास्त मुलगी आहे. तिच्यात त्याला काय दिसले, हे वाचकाला समजावून सांगावे लागत नाही.

असा ऐवज शोधायला महाराष्ट्राबाहेर जायची गरज नाही. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे हे नवविवाहित डॉक्टर जोडपे 1970 च्या दशकात हेमलकशाला गेले. तिथे माडिया रुग्णांच्या बरोबरीने अनाथ वन्य पिल्लेही त्यांच्या संसारात आली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी कुंपणाच्या आत सुरक्षित खड्ड्यांत ठेवतात आणि साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्ले बाहेर येण्याची वाट पाहतात. कादंबरीला याहून चांगला कालावधी कोणता? जुन्नर परिसरात ऊसतोडीच्या वेळी फडात बिबट्याचे बछडे सापडतात. तिथले जाणकार ते उचलून पाळत नाहीत. तपासणी करून, शक्यतो जिथे सापडले तिथेच रात्री खोक्यात ठेवतात, कॅमेरा लावतात आणि आईने येऊन न्यावे म्हणून दूर होतात. वाचवणे म्हणजे कधी कधी हात मागे घेणे, हा धडा प्रेमकथेला जितका कामाचा आहे तितका क्वचितच दुसऱ्या कुणाला असेल. खरी माहिती संघर्षही आयता पुरवते. कोकणच्या किनाऱ्यांवर कासवांची घरटी उकरणाऱ्यांत भटकी कुत्री असतात. कुत्र्यांसाठी झटणारी ती आणि घरट्यांवर पहारा देणारा तो, दोघेही बरोबर आहेत. त्यांच्यात भांडण लावायला लेखकाला कपटी मावशी किंवा चुकीच्या हाती पडलेले पत्र शोधावे लागणार नाही.

तपशील खरा हवा, याचे कारण निव्वळ वाङ्मयीन नाही. गोष्टीतला प्राणी वाचकाच्या घरापर्यंत पोचतो. 2003 च्या सुमारास हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे मागे चालणारे पग कुत्रे दिसले आणि देशभर पगला मागणी आली. चपट्या नाकामुळे त्या जातीला श्वासाचा त्रास होतो आणि आपला उन्हाळा तिला सोसत नाही, हे जाहिरात पाहून पिल्लू आणणाऱ्या किती जणांना ठाऊक होते? अमेरिकेत 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्री असलेल्या 87 चित्रपटांचा मागोवा घेतला होता. अशा चित्रपटांनंतर त्या जातीची लोकप्रियता वाढते आणि हा परिणाम दहा वर्षांपर्यंत टिकू शकतो, असे त्यात आढळले. गोड गोष्टीत एवढी ताकद असेल तर नायिकेच्या मांडीवर विकत घेतलेले परदेशी पिल्लू बसवायचे की गल्लीतले तीन पायांचे देशी कुत्रे, हा निर्णय लेखकाने जाणूनबुजून घ्यायला हवा. दत्तक देण्याआधी घर पाहायला येणारे कार्यकर्ते, तात्पुरता सांभाळ करणारी कुटुंबे, नसबंदीची खूण म्हणून कानाला घेतलेली खाच, लसीकरणाचे कार्ड, सोसायटीच्या सभेतले वाद, पशुवैद्यकाचे थकलेले बिल, आणि सगळे करूनही गॅस्ट्रोने दगावणारे पिल्लू: हे सारे कथेत आले तर ती कडू होणार नाही. तिच्या शेवटच्या गोडव्यावर विश्वास बसेल.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप चावलेल्या माणसांच्या बाजूने येतो. 2019 च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे 1 कोटी 53 लाख भटकी कुत्री होती. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश भारतात होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात लहान मुलांचे प्रमाण मोठे आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये आधी दिल्ली परिसरातली भटकी कुत्री निवाऱ्यांत हलवायला सांगितले, मग नसबंदी आणि लसीकरण करून मूळ जागी सोडण्याची मुभा दिली. पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री त्यातून वगळली. अशा वेळी कुत्र्यावर गोड गोष्टी लिहिणे म्हणजे ज्याच्या मुलाला कुत्रे चावले त्याच्या जखमेवर मीठ चोळणे नव्हे का? केवळ गोंडस कथा लिहिली तर नक्कीच आहे. म्हणूनच चावा कथेबाहेर ठेवता कामा नये. नायकाने जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, लसीचे सगळे डोस तारखेबरहुकूम घ्यावेत; नायिकेने वस्तीतल्या घाबरलेल्या आईचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे. नसबंदी आणि लसीकरण हे प्राणिप्रेमाइतकेच माणसांच्या सुरक्षिततेचे काम आहे, ही गोष्ट टीव्हीवरच्या आरडाओरड्यात हरवते. दोन्ही बाजूंची माणसे जिथे एका घरात जेवायला बसतात, त्या कथेत ती शांतपणे पोचू शकते.

दुसरा आक्षेप साहित्याच्या उंबरठ्यावरून येतो: गोड शेवटाची प्रेमकथा म्हणजे हलके लेखन, त्यात प्राणी घातला म्हणून ते वजनदार होत नाही. मराठीत ही नाके मुरडण्याची परंपरा जुनी आहे. ‘रंभा’ मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1969 मध्ये काकोडकर निर्दोष ठरले. वाचनालयांत मात्र त्यांची पुस्तके हातोहात जात. लोकप्रिय प्रेमकथेची वाट समीक्षकांनी अडवून अडत नाही. ती चांगल्या हातांनी लिहिली जाते की वाईट, एवढाच प्रश्न उरतो. ठरलेला शेवट ही कमतरता नाही. प्राणी वाचवणाऱ्यांच्या रोजच्या कामात शेवट बहुधा ठरलेला नसतो आणि पुष्कळदा वाईट असतो. तरीही ही माणसे दुसऱ्या दिवशी पुन्हा का उठतात, याचे उत्तर आशावादी कथाच देऊ शकते.

तिसरी शंका प्रचाराची. कथेचे पत्रक होईल, अशी भीती रास्त आहे. त्यावर उपाय एकच, प्रेम आणि हित नेहमी एकाच दिशेने जात नाहीत हे मान्य करणे. न्यायालयीन आदेशानंतर जुलै 2025 मध्ये नांदणी मठातली महादेवी हत्तीण जामनगरच्या ‘वनतारा’ या प्राणी केंद्रात नेली, तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यात हजारो लोक रस्त्यावर उतरले. त्यांचे प्रेम खोटे नव्हते, आणि एकट्या हत्तिणीच्या प्रकृतीची काळजीही खोटी नव्हती. ज्याच्यावर जीव आहे त्याच्यासाठी काय चांगले, हे आपण ठरवायचे की त्याच्या गरजेने, हा प्रश्न हत्तिणीबाबत जितका खरा तितकाच नवराबायकोबाबत. त्याला प्रामाणिकपणे भिडणारी कथा पत्रक होऊच शकत नाही.

दिवाळी अंकांच्या संपादकांनी यंदा अशी एक तरी कथा मागवावी. आणि ती लिहायला बसणाऱ्याने आधी काही दिवस जवळच्या प्राणी निवारा केंद्रात पिंजरे धुवावेत, पशुवैद्यकाच्या टेबलाशी उभे राहावे, चावा झालेल्या घरीही जाऊन यावे. नायक-नायिकेची भेट कुठे घडवायची, ते मग तिथेच कळेल.