घरातील मोठा पडदा : घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर

सांगलीच्या गणपती पेठेत खाली पेढी आणि वर बिऱ्हाड अशी जुनी घरे अजून पाहायला मिळतात. अशाच एका हळद-व्यापारी कुटुंबात २०२५ च्या दिवाळीपूर्वी एका खरेदीवरून आठवडाभर चर्चा चालली होती. नातवांना भिंतीएवढ्या पडद्यावर क्रिकेट पाहायचे होते. आजींची गोष्ट वेगळी होती. श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या चढणे गुडघ्यांमुळे आता त्यांना शक्य नाही आणि २०१८ च्या महामस्तकाभिषेकाचे चित्रीकरण मोबाइलवर पाहू गेल्यास ५७ फुटी बाहुबली अंगठ्याएवढे दिसतात. दोन्ही मागण्या प्रोजेक्टर नावाच्या एकाच यंत्राने भागणार होत्या. आजोबांनी खरेदीला हरकत घेतली नाही. ‘आधी खोली मोजा’ एवढेच सांगितले.

हा सल्ला ज्याला पटत नाही त्याला नंतर यंत्र परत करण्यासाठी दुकानाच्या खेपा घालाव्या लागतात. प्रोजेक्टर हे दूरचित्रवाणी संचासारखे ठेवले आणि लावले असे यंत्र नव्हे. प्रत्येक यंत्राच्या माहितीपत्रकात ‘थ्रो रेशो’ नावाचा एक आकडा असतो. पडद्याच्या रुंदीला त्या आकड्याने गुणले की भिंग पडद्यापासून किती अंतरावर हवे ते निघते. कर्णाने १०० इंच असलेल्या आजच्या रुंद पद्धतीच्या पडद्याची रुंदी ८७ इंच आणि उंची ४९ इंच भरते. थ्रो रेशो १.२ असेल तर अंतर सुमारे ८ फूट ८ इंच, १.५ असेल तर जवळजवळ ११ फूट. अगदी भिंतीलगत, टेबलावर ठेवून चालणारी अल्प-अंतराची यंत्रेही मिळतात, परंतु त्यांची किंमत बरीच अधिक असते आणि भिंत किंचितही उंचसखल असेल तर चित्राच्या कडा लाटांसारख्या वाकतात. प्रेक्षकांची बैठक १०० इंची पडद्यापासून १० ते १३ फुटांवर असावी. घरातील दालन १० फुटांचेच असेल तर पडदा लहान घ्यावा. पडदा मोठा झाला म्हणजे सुख मोठे होते असे नाही.

पेठेतील त्या घराची माडीवरची खोली ११ फूट रुंद आणि १६ फूट लांब. कागदावर सर्व जमत होते. प्रत्यक्षात खोलीच्या मधोमध छताचा पंखा होता आणि मागून येणारा प्रकाशाचा झोत त्याच्या पात्यांमधून जाणार होता. ज्यांनी हे पूर्वी अनुभवले नाही त्यांनी कल्पना करावी : पडद्यावर सतत फिरणाऱ्या सावल्या. शिवाय छत लाकडी, वर पोत्यांची कोठी. वरून हमाल चालला की तुळई हलणार आणि यंत्राचा केसभर हेलकावा पडद्यावर बोटभर दिसणार. पंखा काढून भिंतीवर दोन पंखे बसवले गेले. छताला हात न लावता दोन्ही बाजूंच्या जाड भिंतींत चौकोनी लोखंडी नळी आडवी बसवून यंत्र तिला सात फूट उंचीवर टांगले. नवीन सदनिकांत ही अडचण नसते, पण तेथे दुसरी असते. पीओपीच्या खोट्या छताला यंत्र कधीही टांगू नये. स्क्रू खऱ्या स्लॅबमध्येच गेला पाहिजे आणि त्याखेरीज एक बारीक पोलादी दोर स्वतंत्रपणे बांधलेला असावा. चार-पाच किलोचे तापलेले यंत्र खाली बसलेल्या मुलांच्या अंगावर येणे ही दूरची शक्यता नव्हे.

यंत्र पडद्यासमोर सरळ बसले नाही तर चित्र समलंबाकृती पडते. ते सरळ करण्यासाठी ‘कीस्टोन’ नावाची सोय असते. विक्रेते तिची फार स्तुती करतात. खरे पाहता ती सोय चित्राचे काही बिंदू वाया घालवून कडा सरळ करते. थोडीशी वापरावी, मुख्य काम कारागिराच्या ओळंब्याने आणि पाणसळीने करून घ्यावे.

आता प्रकाशाचा हिशेब. बाजारात सर्वांत अधिक फसवणूक याच बाबतीत होते. प्रकाश लुमेनमध्ये मोजतात. १०० इंची पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ३० चौरस फूट. चित्रपटगृहात दर चौरस फुटास साधारण १६ लुमेन पडतात, म्हणजे पूर्ण अंधाऱ्या खोलीत ४८० लुमेन पुरेत. दिवा जुना होत जाताना प्रकाश निम्म्यावर येतो हे धरून १,००० घ्यावेत. मग खोक्यावर ९,००० कशाला छापलेले असतात? तो आकडा पुष्कळदा भिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा नसून आतल्या दिव्याचा असतो, किंवा निव्वळ छापलेला असतो. आकड्यापुढे ‘एएनएसआय’ किंवा ‘आयएसओ २१११८’ असा उल्लेख असेल तरच तो प्रमाण मानावा. तसेच ‘४के सपोर्टेड’ याचा अर्थ यंत्र तसा संकेत स्वीकारते इतकाच; दाखवते किती, ते ‘नेटिव्ह’ या शब्दापुढे लिहिलेले असते. तेथे १९२० गुणिले १०८० असेल तर घरगुती वापरास पुष्कळ झाले.

त्या घराने मात्र १,००० नव्हे, ३,००० लुमेनचे यंत्र घेतले. त्यामागचे कारण विक्रेत्याने सुचवलेले नव्हते. आजींनी विचारले होते की पावसाळ्यात दिवेलागणीनंतर एवढा प्रखर झोत सोडला तर त्यावर किती किडे येतील? प्रश्न रास्त होता. प्रखर पांढऱ्या प्रकाशाकडे पतंग, चिलटे, वाळवीचे पंख फुटलेले किडे ओढले जातात. दिव्याच्या यंत्रातून निघणारी हवा फार तापलेली असते, आणि थंडाव्यासाठी आत ओढल्या जाणाऱ्या हवेबरोबर बारीक जीव जाळीवर जाऊन चिकटतात. ज्या घरात सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपते आणि पाणी गाळून प्यायले जाते, त्या घरात रोज रात्री हे घडावे हे विसंगत होते. म्हणून ठरले की चातुर्मासात यंत्र सूर्यास्तानंतर चालवायचे नाही. पाहायचे ते दुपारी, जाड पडदे ओढून. दुपारी कितीही पडदे ओढले तरी उजेड आत येतोच, म्हणून अधिक लुमेन. अन्य महिन्यांत रात्री पाहताना खिडक्यांना बारीक जाळी आणि दार बंद. गच्चीवर उघड्यावर चित्रपट दाखवण्याची आजकाल हौस आहे. पावसाळ्यात ती टाळलेलीच बरी. याच संदर्भात एक जुनी गोष्ट : पूर्वीच्या चित्रफितीवरील लेप जिलेटिनचा, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-चामड्यापासून काढलेल्या पदार्थाचा असे. आजच्या यंत्रात चित्रफीतच नसल्याने तो प्रश्न उरलेला नाही.

पैशाबद्दल थोडे. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. खरेदीच्या वेळी थोरल्या चिरंजीवांनी सुचवले की बिल पेढीच्या नावाने घ्यावे, कराची वजावट मिळेल. व्यापारी घरांत हा विचार सहज येतो. परंतु वस्तू घरच्या उपभोगासाठी असेल तर जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे ती वजावट मिळत नाही. घेतली आणि वापरली तर रक्कम १८ टक्के व्याजासह परत करावी लागते, दंड वेगळा. अचौर्याणुव्रतावरील व्याख्यान याच पडद्यावर पाहायचे असेल तर यंत्राचे बिल घराच्या नावानेच असावे. ‘बिनव्याजी हप्ते’ या शब्दालाही भुलू नये. रोखीने घेतल्यास जी सवलत मिळाली असती तिच्यातून व्याज वळते केलेले असते आणि हप्ते क्रेडिट कार्डावर असतील तर व्याजावर जीएसटी निराळा लागतो.

दिवा की लेझर, हाही हिशेबाचाच प्रश्न आहे. पाऱ्याच्या दिव्याचे आयुष्य सर्वसाधारणपणे ३,००० ते ५,००० तास, लेझरचे सुमारे २०,००० तास सांगतात. आठवड्याला १० तास पाहणाऱ्या घराचे वर्षाला ५२० तास होतात. ४,००० तासांचा दिवा साडेसात वर्षे चालेल. लेझर ३८ वर्षे. इतकी वर्षे तेच यंत्र कोण वापरणार? रोज चार-पाच तास लावणाऱ्यांनी किंवा वारंवार वीज जाणाऱ्या गावात राहणाऱ्यांनी लेझर घ्यावे. इतरांना दिवा पुरतो. बदली दिव्याची किंमत आणि तो सांगली-कोल्हापुरात मिळतो की मागवावा लागतो, हे मात्र पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

दिव्याच्या यंत्राची शिस्त कडक आहे. चालू असताना आतील काचेच्या नळीत वातावरणाच्या सुमारे २०० पट दाब असतो. बटण बंद केल्यावरही पंखा काही वेळ फिरत राहतो, कारण तापलेली नळी हळूहळू निववायची असते. त्या वेळात भिंतीवरचे बटण बंद करणे किंवा वीज जाणे हे दिव्याचे आयुष्य घटवते. म्हणून शुद्ध साइन वेव्ह देणारा यूपीएस जोडावा. चित्रपट पुरा करण्यासाठी नव्हे, पंखा पाच मिनिटे चालण्यासाठी. दिवा कधी फुटलाच तर मोठा आवाज होतो. वीज तोडावी, मुलांना खोलीबाहेर काढावे, खिडक्या उघडून अर्धा तास खोली मोकळी ठेवावी. तुकडे झाडूने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने गोळा करू नयेत, पारा हवेत पसरतो. हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याने आणि ओल्या कापडाने उचलावेत, झाकणाच्या बरणीत बंद करावेत. जुना दिवा घंटागाडीत न टाकता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संस्थेकडे द्यावा.

विजेच्या जोडणीत जुन्या घरांनी विशेष लक्ष घालावे. पेठेतील त्या घरात वरच्या मजल्यावर तीन पिनांचे सॉकेट होते, पण तपासल्यावर तिसऱ्या छिद्रामागे अर्थिंगची तारच नव्हती. असे अनेक घरांत आढळते. अर्थिंग नसताना लोखंडी नळीला यंत्र टांगणे म्हणजे संकट टांगणे. तार ओढून घेतली, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला आणि मगच यंत्र चालू झाले. एक्स्टेन्शन बोर्डाला दुसरा बोर्ड जोडून वीज नेऊ नये. चित्राची एचडीएमआय तार आणि विजेची तार एकाच नळीतून नेऊ नये. १० मीटरहून लांब तार लागणार असेल तर ऑप्टिकल प्रकारची घ्यावी आणि तिच्यावरील बाणाची दिशा नीट पाहावी. भिंतीत उलटी गाडली तर भिंत पुन्हा फोडावी लागते.

यंत्राला श्वास घ्यायला चारी बाजूंना फूटभर जागा हवी. शोभेचा कपाट-कोनाडा, भरतकामाचे आच्छादन यांचा मोह नको. बहुतेक यंत्रांची मर्यादा ३५ ते ४० अंशांची असते आणि उन्हाळ्यात छताजवळची हवा त्याहून तापते. मे महिन्याच्या दुपारी यंत्र आपोआप बंद पडले तर ते बिघडले असे समजू नये. हळदीच्या घरात धुळीचा प्रश्न अर्थातच मोठा. पंधरा दिवसांत हवेची जाळी पिवळी झाली. तेव्हापासून दर रविवारी यंत्र थंड असताना जाळी उजेडात धरून आधी त्यावर जिवंत जीव आहे का ते पाहतात, असल्यास अलगद बाहेर सोडतात आणि मग मऊ ब्रशने धूळ काढतात. भिंगाला उपरण्याचे टोक कधीही लावू नये. चष्म्यासाठीचे स्वच्छ, कोरडे कापड वापरावे.

मुलांच्या डोळ्यांबाबत एकच नियम, पण तो मोडता कामा नये : झोतात उभे राहून भिंगाकडे पाहायचे नाही. यंत्रावर ‘आरजी २’ असे लिहिलेले असेल तर चुकून नजर गेल्यास पापणी मिटण्याची स्वाभाविक क्रिया संरक्षण देते, टक लावून पाहिल्यास देत नाही. ‘आरजी ३’ चे यंत्र घरात आणूच नये. भिंतीलगतच्या अल्प-अंतराच्या यंत्रात हा धोका अधिक, कारण रांगणारे मूल वाकून सरळ भिंगातच डोकावते. यंत्र उंच टांगण्याचे खरे कारण हेच.

आवाजासाठी स्वतंत्र साउंडबार पडद्याखाली ठेवला तर पुरे. तो तारेने जोडावा, ब्लूटूथने ओठ आणि शब्द मागेपुढे होतात. रात्री दहानंतर शेजाऱ्यांची झोप आपल्या करमणुकीहून महत्त्वाची.

दिवाळीनंतरच्या रविवारी दुपारी त्या माडीवर गादी-तक्के घालून घर जमले. क्रिकेट संध्याकाळी असल्याने आजींचा क्रम पहिला लागला. अभिषेकाचे दूध बाहुबलींच्या खांद्यावरून ओघळत असताना त्यांनी नकळत हात जोडले, आणि कॅमेरा खाली येऊन पावलांशी थांबला तेव्हा ‘आता जरा येथेच राहू दे’ एवढेच म्हणाल्या. धाकट्या नातवाने चित्र थांबवले. सामन्याची वेळ झाली तरी त्याने घाई केली नाही. संध्याकाळी यंत्र बंद करताना तो नळीखाली उभा राहून पंख्याचा आवाज ऐकत होता. तो थांबल्यावर त्याने भिंतीवरचे बटण बंद केले.