गोळी की ध्यान? वादच चुकीचा!

ठाण्यातल्या खोपटचा आमचा एक कार्यकर्ता तिसऱ्यांदा नैराश्याच्या आजारात सापडला, तेव्हा घरी जमलेल्यांत दोन तट पडले. एक म्हणे, बौद्धाला गोळ्या कशाला, ध्यान कर. दुसरा म्हणे, ध्यान म्हणजे पळपुटेपणा, मोर्चात ये. बिचाऱ्याने परस्पर गोळ्या सोडल्या आणि महिनाभरात प्रकृती आणखी ढासळली. आमच्या मते दोघेही चुकले.

नैराश्य बरे होते, पण पुन्हा उलटते. मन जरा उदास झाले की 'माझ्यातच खोट आहे' ही जुनी साखळी सुरू होते. ती वेळीच ओळखण्यासाठी सीगल, विल्यम्स व टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी आठ आठवड्यांचा वर्ग तयार केला. विचार हा विचार आहे, सत्य नव्हे, हे पाहायचे आणि श्वासाकडे परतायचे. तथागतांच्या सतिपट्ठानाशी याचे नाते उघड आहे. सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, तीन वा अधिक वेळा आजारी पडलेल्यांपैकी नेहमीच्या उपचारांवर ६६ टक्के पुन्हा आजारी पडले; वर्ग केलेल्यांत ३७ टक्के. पण २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला ४२४ रुग्णांचा अभ्यासही वाचा. वर्ग करून डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या कमी करणारे आणि गोळ्या चालू ठेवणारे, दोन्ही गटांत दोन वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण जवळपास सारखेच, ४४ व ४७ टक्के. म्हणजे ध्यान गोळीपेक्षा श्रेष्ठ ठरले नाही, तोडीचे ठरले. शिवाय हा वर्ग सावरलेल्या माणसासाठी आहे, दहा दिवसांचे मौन शिबिर नव्हे.

आता खरा सवाल. हा वर्ग खासगी दवाखान्यात फी भरूनच का मिळावा? ठाण्यात १९०१ पासून सरकारी मनोरुग्णालय आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १८ प्रत्येकाला सरकारी यंत्रणेकडून उपचार मिळण्याचा हक्क देते. वकील म्हणून आम्ही सांगतो, हा उपकार नव्हे. बाह्यरुग्ण विभागात मराठीतून असा वर्ग सुरू व्हावा, जागा कमी पडली तर विहारे आहेतच.

श्वास पाहून जातीवाचक शिवी थांबत नाही, कंत्राटी नोकरी कायम होत नाही; ती लढाई बाबासाहेबांच्या धम्मातही आहेच. पण लढणारा माणूस आधी उभा राहिला पाहिजे.

आमचा कार्यकर्ता पुन्हा डॉक्टरांकडे जाऊ लागला आहे. वर्गाच्या मागणीचे निवेदन आम्ही लिहीत आहोत. पहिली सही त्यानेच मागून घेतली आहे. कुणाच्या घरी असा रुग्ण असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक लिहून ठेवा.